पाणी सत्तेचाळीस वाजता आलं

डॉक्टरांनी आमच्या तळमजल्यावरच्या काकांना रात्रीची सलग झोप सक्तीची केली आणि त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगपुढे प्रश्न उभा राहिला, की आता पाणी कोण भरणार.

सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं आणि बहुतेक वेळा रात्रीचं येतं. रात्री म्हणजे नेमकं कधी, ते पाण्यालाच ठाऊक. बिल्डिंग जुनी, जमिनीखालचा हौद लहान. पाणी सुरू असतानाच मोटार लावून ते वरच्या टाकीत चढवत राहिलं, तर सगळ्यांना पुढच्या वेळेपर्यंत पुरतं. नुसता हौद भरून राहिला, तर दीड-दोन दिवसांत सगळे बादल्या घेऊन जिन्यात. म्हणून पाण्याच्या रात्री कुणीतरी जागं राहायचं, नळाची फुरफुर ऐकू आली की मोटार लावायची, हौद तळाला गेला की बंद करायची, भरला की पुन्हा लावायची. कित्येक वर्षं हे काम काका करत आले होते.

काका एसटीत ड्रायव्हर होते. बार्शीकडच्या खेड्यांत मुक्कामी गाड्या नेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे रात्रीचं जागणं हे त्यांच्या लेखी कामच नव्हतं. त्यांना या कामावर कुणी नेमलेलंही नव्हतं. ते खाली राहत होते आणि जागे असायचे, आम्ही वर राहत होतो आणि झोपलेले असायचो. एवढ्यावर सगळी व्यवस्था उभी होती. मग एका दुपारी काकांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, चार दिवसांनी घरी आणलं. डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं की गोळ्या एक वेळ चुकल्या तर बघता येईल, झोप मोडलेली चालणार नाही.

काकूंनी सगळ्यांना जिन्यात बोलावून हे सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाण्याच्या रात्री एकेका घरानं नंबर लावून मोटार सांभाळावी. त्यावर एकेकाची अडचण पुढे आली. पहिल्या मजल्यावरच्या टेम्पोवाल्या भाईंना भल्या पहाटे माल घेऊन निघायचं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाळ लहान. माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरणारी. आणि मला सकाळी सातला कॉलेज. प्रत्येकाची अडचण खरी होती. फक्त मी माझ्या अडचणीला विद्वत्तेची फोडणी दिली.

मी संख्याशास्त्र शिकवते. मुलांना आर नावाची संगणकाची भाषा शिकवते आणि त्यातही काळाच्या ओघात नोंदवलेल्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणं हा माझा खास विषय. तर जिन्यात मी पुढे झाले आणि म्हणाले, रात्रभर जागायचंच कशाला? पाणी कधी येणार ते आधीच कळलं तर? त्या वेळेला गजर लावायचा, उठायचं, मोटार लावायची.

"असं कळतं व्हय?" काकूंनी विचारलं.

"कळतं की," मी म्हणाले.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी माझ्या हुशारीचं कौतुक समजले.

अंदाज बांधायला आधीच्या नोंदी लागतात, आणि त्या काकांकडे होत्या. आपल्याकडे घराघरांत भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, कामवालीची सुट्टी असा सगळा संसार लिहिलेला असतो. काका त्याच चौकोनांत पेन्सिलीनं पाण्याची वेळ लिहीत. नवीन वर्षाचं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्यावर वरून अडकवायची पद्धत, त्यामुळे त्या एका खिळ्यावर बऱ्याच वर्षांचं पाणी लटकलेलं होतं. 'रा. २.१०' म्हणजे रात्री दोन दहा. 'दु. १२.३०' म्हणजे दुपारी साडेबारा. आलं नाही तर नुसतं 'नाही'. एसटीतल्या माणसाची टापटीप. मी मनातल्या मनात हात चोळले. इतक्या स्वच्छ नोंदी मला माझ्या पीएचडीतही मिळाल्या नव्हत्या.

दोन रविवार काकू वाचत होत्या आणि मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये भरत होते. तारीख एका रकान्यात, रात्र की दुपार दुसऱ्यात, वेळ तिसऱ्यात. काकूंना नुसती वेळ सांगून भागत नव्हतं. ह्या दिवशी पाणी गढूळ होतं, ह्या दिवशी नणंद आली होती, ह्या दिवशी मोटारच जळाली, असं सगळं सोबत येत होतं. मी त्यांना हसत सांगितलं की काकू, यंत्राला फक्त आकडे लागतात. काका कॉटवर पडून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, ह्यानं माझं जागणं सुटंल का? मी म्हणाले, काका, या महिन्यापासून तुम्ही गाढ झोपायचं.

आता माझी वर्गातली एक सवय सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना एकच गोष्ट घोकून घेते. बाहेरून आणलेली माहिती आरमध्ये घेतल्याबरोबर, चित्र-बित्र काढायच्या आधी, प्रत्येक रकाना कोणत्या प्रकारचा झालाय ते बघा. आकडे आकडेच राहिलेत का? तारखा तारखाच आहेत का? नुसता दिसायला आकडा असून यंत्राला पुरत नाही, तो आकडा आहे असं त्यानं मानलेलं असावं लागतं. जो हे बघत नाही त्याचे मी प्रात्यक्षिकात गुण कापते, आणि कापताना मला बरं वाटतं.

ते मी बघितलं नाही. घाई होती, आणि मी काही विद्यार्थी नव्हते.

पहिलं चित्र काढलं तेव्हा खालची आडवी रेघ ठीक वाटत होती, उभ्या रेघेवर मात्र वेळ शून्यापासून साठच्याही वर गेलेली होती. एका मंगळवारी पाणी सत्तेचाळीस वाजता आलं होतं. नवरा मागून चहाचा कप घेऊन बघत होता. तो म्हणाला, आमच्या कंपनीत असलं घड्याळ असतं तर ओव्हरटाइम चांगला झाला असता. मी त्याला गप्प केलं आणि कॉलेजच्या लॅपटॉपवर आरची आवृत्ती जुनी आहे असं सांगितलं. ते खरं होतं, पण दोष तिचा नव्हता. वेळेच्या रकान्यात मी जिथे जिथे काकांचं 'नाही' भरलं होतं, तिथे आकड्यांत शब्द घुसला होता. एक शब्द दिसला की आर अख्ख्या रकान्याला मजकूर समजते, आणि जुनी आवृत्ती मजकुराचे गट पाडून त्यांना क्रमांक देऊन मोकळी होते. रेशनच्या रांगेत टोकन देतात तसे. मग मी तिला म्हणाले, याचे आकडे कर. तिनं आज्ञाधारकपणे टोकनांचे नंबर माझ्या हातात ठेवले. वेळा बाजूलाच राहिल्या. हीच चूक मी दरवर्षी फळ्यावर लाल खडूनं लिहिते.

ती दुरुस्त केली. आधी टोकनांचा पुन्हा मजकूर, मग मजकुराचा आकडा, आणि 'नाही'च्या जागी रिकामी जागा. आता वेळा चोवीसच्या आत आल्या. मी खूश झाले आणि पाणी तासाच्या कोणत्या भागात येतं ते बघायला घेतलं. तिथे मला एक शोध लागला. पाणी कुठल्याही तासाच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत कधीच येत नव्हतं. एकदाही नाही. इतक्या वर्षांत, इतक्या नोंदींत, एकदाही नाही.

असा नियम सापडला की संख्याशास्त्राच्या माणसाचं काय होतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. मी स्टाफरूममध्ये सांगितलं. घरी सांगितलं. त्यामागचं कारणही तयार केलं, की व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस प्रत्येक तासाच्या शेवटी चहाला जात असणार. नवरा म्हणाला, दर तासाला चहा? मी म्हणाले, रात्रपाळी असते, लागतो चहा. या विषयावर शोधनिबंध लिहावा असंही माझ्या मनात येऊन गेलं. शीर्षकसुद्धा सुचलं होतं, ते इथे सांगत नाही.

मग एकदा भाजी निवडता निवडता उजेड पडला. काका वेळ लिहितात टिंब देऊन. 'दोन तीस' म्हणजे २.३०. आपण सगळेच तशी लिहितो, लग्नपत्रिकेतला मुहूर्तसुद्धा तसाच छापतो. पण आरच्या दृष्टीनं ते टिंब म्हणजे दशांशचिन्ह. २.३० म्हणजे दोन तास आणि तासाचे तीन दशांश, म्हणजे दोन वाजून अठरा मिनिटं. काका कधीच २.६० किंवा २.९० लिहिणार नाहीत, कारण घड्याळात तसं नसतं. म्हणून माझ्या तासाचं शेपूट रिकामं होतं. व्हॉल्व्हवाल्याचा चहा मीच केला होता आणि मीच त्याला पाजला होता. स्टाफरूममध्ये नंतर कुणी विचारलं की काय झालं हो त्या शोधाचं, तर मी सेमिस्टरचे पेपर तपासत असल्याचं सांगत असे.

तेही निस्तरलं. टिंबाच्या अलीकडचे तास, पलीकडची मिनिटं, असं वेगळं केलं. तिसऱ्यांदा चित्र काढलं तर महिन्याच्या बारा तारखेनंतर सगळी पोकळी. नवऱ्याला हे दाखवल्यावर तो म्हणाला, यावर माझा विश्वास बसतो, बारा तारखेनंतर आपल्याकडे काहीच येत नाही. एव्हाना मला कळायला लागलं होतं की असला नियम दिसला की निबंधाचं शीर्षक शोधायचं नसतं. लॅपटॉपमधली तारखेची पद्धत परदेशी होती, आधी महिना आणि मग दिवस. पाच मार्चला तिनं तीन मे केलं होतं. तेरा तारखेपासून पुढे तिला तेरावा महिना सापडेना, तेव्हा तिनं त्या तारखा जशाच्या तशा मजकूर म्हणून ठेवून दिल्या होत्या. म्हणजे ज्या तारखा दिसत नव्हत्या त्या निदान प्रामाणिक होत्या. ज्या दिसत होत्या त्या चुकीच्या होत्या. मी सगळ्या तारखा पुन्हा मजकूर म्हणून घेतल्या आणि तिला स्पष्ट बजावलं, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.

आता मात्र मी काहीही गृहीत धरलं नाही. प्रत्येक रकान्याचा प्रकार तपासला. 'रा.' आणि अकरा पंचेचाळीस असेल तर तेवीस पंचेचाळीस, 'रा.' आणि दोन दहा असेल तर दोन दहाच, असा बारीक नियम लिहिला आणि तो लिहिल्यावर स्वतःच्या खांद्यावर थोपटावंसं वाटलं. तारीख आणि वेळ एकत्र केली. आरनं कुरकुर केली नाही. चित्र देखणं आलं. अंदाज मागितला, तर तिनं सांगितलं, शनिवारी पहाटे दोन वाजून पंधरा मिनिटं.

शनिवारी पहाटे दोन म्हणजे आपली शुक्रवारची रात्र. एवढं मला कळत होतं. मी बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की येत्या शुक्रवारी रात्री सव्वादोनच्या सुमारास पाणी येईल, तरी कुणीही रात्रभर जागू नये. खाली अंगठ्यांची रांग लागली. काकू वर येऊन माझ्या हातात शेंगाचटणीची बरणी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "लई उपकार झाले बाई. तासाभराचं काय, ते उठतील. बाकी रात झोप हुईल की." मोटार इतके दिवस काकाच लावत होते आणि यापुढेही तेच लावणार, हे त्यात गृहीतच होतं. ते मला खटकलं नाही. चटणी चांगली होती.

शुक्रवारी काका गजराला उठले आणि खाली जाऊन बसले. पाणी आलं नाही. सवयीप्रमाणे ते उजाडेपर्यंत बसूनच राहिले. सकाळी काकूंनी विचारलं तेव्हा मी घाबरले नाही, कारण माझ्याकडे नोंदी होत्या. मी त्यांना समजावलं की असे खाडे मधूनमधून होतातच, काकांनीच कितीदा 'नाही' लिहिलंय, आता एकदम पुढच्याच पाळीला येईल. काका म्हणत होते की आज रात्री येईल असं वाटतंय. मी म्हणाले, काका, वाटण्यावर जाऊ नका. काकूंनी माझा शब्द प्रमाण मानला. त्या रात्री त्यांनी काकांना गोळी देऊन झोपवलं, फोन बंद केला आणि मोटारीच्या खोलीची किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली.

पाणी त्याच रात्री आलं. हौद भरला आणि पाणी निघून गेलं. मोटार कुणी लावलीच नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत बिल्डिंग कोरडी ठाक. भाई जिन्यात भेटले, दोन्ही हातांत बादल्या. म्हणाले, "मॅडम, कंप्यूटर कू प्यास नै लगती क्या?" मी हसले आणि माझ्या बादल्या उचलल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत बादली नेताना माणसाला आपल्या शिक्षणाचं वजन नीट कळतं.

हे सगळं गमतीत गेलं असतं. पण काकांना ते लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पाण्याची रात्र चुकली नव्हती, आणि चुकली ती त्यांनी झोपेची गोळी घेतल्यावर.   चार दिवसांनी काकू वर आल्या आणि दारातच उभ्या राहून त्यांनी सांगितलं.

"आता ते रोजच जागत्यात. पाण्याचा दिस असूदे नायतर नसूदे. आदी चार रातीनं एक रात जात हुती. आता सगळ्याच गेल्या."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. राग नव्हता.  ज्या माणसाची झोप मी मिळवून देणार होते, त्याची उरलीसुरली झोप मी घालवली होती. त्यांच्या छातीत परत दुखलं तर, हा विचार मला त्या दिवशी वर्गातही सोडत नव्हता. मुलं काहीतरी विचारत होती आणि मी भलतंच सांगत होते.

संध्याकाळी मी खाली गेले. माफी मागायची होती, पण माणूस माझ्यासारखा असला की माफीच्या आधी चूक दुसऱ्या कुणाची निघते का ते बघतो. म्हणून मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. हुकलेल्या त्या रात्रीचं पाणी काकांनी लिहून ठेवलं होतं, शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारून. शनिवारच्या चौकोनात, 'रा. २.२०'.

मी म्हणाले, काका, हे पाणी तर रविवारी आलं. रात्री बारा वाजून गेले होते ना.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू या बाईचंही आता दवाखान्याचं बघावं लागणार.

"शनवारी रातीच आलं की. झोपून उठल्याबिगर दिस बदलतो व्हय?"

मी तिथेच स्टुलावर बसले. त्यांचं म्हणणं मला परकं नव्हतं. मी स्वतः जन्मभर तसंच बोलत आलेय. रात्री दीडला झोपताना आपण 'उद्या सकाळी लवकर उठायचंय' म्हणतो, 'आज सकाळी' कुणी म्हणत नाही. आपला दिवस बाराच्या ठोक्याला बदलत नाही, तो उजाडल्यावर बदलतो. आरचं उत्तर वाचताना मी हे इतकं सहज केलं होतं, की शनिवार पहाट म्हणजे शुक्रवारची रात्र. पण नोंदी भरताना शनिवारच्या चौकोनातले रात्रीचे दोन मी शनिवारचेच धरले होते. म्हणजे मध्यरात्रीनंतर आलेलं प्रत्येक पाणी मी एक दिवस आधी आणून ठेवलं होतं. रकाने सगळे शहाण्यासारखे वागत होते. आकडे आकडे होते, तारखा तारखा होत्या, वेळा वेळा होत्या. दिवसच तेवढा चुकीचा होता, आणि तो तपासायला सांगणारी आज्ञा आरमध्ये नाही.

मी घरी येऊन एक ओळ वाढवली. 'रा.' असेल आणि तास सहाच्या आत असेल, तर तारीख एकानं पुढे. इतके दिवस ज्या नोंदी वेड्यावाकड्या उड्या मारत होत्या त्या शिस्तीत बसल्या. पुढच्या पाण्याचा दिवस बरोबर निघाला. निघणारच होता. पण तो दिवस बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होता. मागच्या वेळेपासून बोटं मोजली की झालं. प्रश्न दिवसाचा कधी नव्हताच, प्रश्न वेळेचा होता. वेळेचा अंदाज मागितला तर आरनं या खेपेला, सगळं नीट भरलेलं असताना, प्रामाणिकपणे सांगितलं की रात्री साडेदहा ते पहाटे साडेचार, यात केव्हाही.

 मी ते उत्तर तीन-चार प्रकारे फिरवून बघितलं. काही कमी होईना. साडेदहा ते साडेचार म्हणजे रात्र. माझं शिक्षण, कॉलेजचा लॅपटॉप, कित्येक कॅलेंडरं आणि काकूंचे दोन रविवार यांच्यातून निष्पन्न झालं ते इतकंच, की पाणी रात्री येतं आणि कुणीतरी जागं राहायला पाहिजे.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो काहीतरी टोमणा मारेल. तो म्हणाला, मग राहू की आपण जागं, एक दिवस तू, एक दिवस मी, शिफ्ट बघून. इतकं सोपं वाक्य होतं. ते जिन्यात त्या दिवशी कुणालाही म्हणता आलं असतं. मला म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी एका आजारी माणसाला एक रात्र द्यायची टाळण्यासाठी दीड महिना खपले होते, आणि त्या दीड महिन्यात मी स्वतःच किती रात्री लॅपटॉपपुढे जागले ते मोजलं तर पुढच्या वर्षापर्यंतचं पाणी भरून झालं असतं.

मी ग्रुपवर लिहिलं की पहिली रात्र माझी. पुढच्या कुणाला घ्यायच्या असतील त्यांनी खाली नाव लिहावं.  मग भाईंचं नाव आलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्यांचं, बाळ रात्री उठवतंच, तेव्हा जागेच असतो, असं लिहून.  संध्याकाळी मी काकांकडे किल्ली मागायला गेले, तर ती द्यायला त्यांचा हात पुढे येईना. शेवटी काकूंनी ती त्यांच्या खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. मोटारीचा स्विच थोडा दाबून धरावा लागतो, एवढंच काका म्हणाले आणि आत गेले.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मी खाली खुर्ची टाकून बसले, डास चावले, दोनदा डुलकी लागली. पाणी आलं ते मी डुलकीत असताना आलं आणि फुरफुरीनं मला उठवलं. किती वाजता ते बघायचं मी विसरले. स्विच दाबून धरला, मोटार लागली, टाकी भरली.

सकाळी कॉलेजला निघताना काकू दारात उभ्या होत्या. मला वाटलं किल्ली मागतील. त्यांनी किल्लीचं नाव काढलं नाही. काका अजून झोपलेत, एवढंच आधी सांगितलं, आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या,

"राती उठून बसले हुते. पायात चपला घालाय लागले, तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. मला म्हणले, कुनीतरी हाय खाली. अन् परत आडवे झाले."

 मी गाडीला किक मारली, कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे गाडी बाजूला घेऊन रडले. त्या दिवशी पहिल्या तासाला मी उशिरा पोहोचले.